मोठं झाड कापायला सर्वात ताकदवान चेन सॉ कोणती? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनी मशीन घेण्याआधी हे वाचा!

मे महिना संपत आला की कल्याणच्या पुढच्या शहरांमध्ये सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विषय हमखास येतो. "ते गेटजवळचं झाड यंदा पडणार बहुतेक. काहीतरी करा." मग कुणीतरी ऑनलाइन सेलमधली चेन सॉ टाकतो. ५८ सीसी, २२ इंची बार, किंमत सात हजार. खाली लगेच कमेंट, "घेऊन टाकू ना. कंत्राटदाराला दरवर्षी पैसे कशाला द्यायचे?"

प्रश्न चुकीचा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये पावसाळ्यात झाडं पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं, तेव्हा तर अख्ख्या पट्ट्याने वाऱ्याचा जोर पाहिला. पण झाड पाडण्यासाठी किंवा पडलेलं झाड कापण्यासाठी "सर्वात पॉवरफुल" मशीन शोधणं हे बरोबर उत्तर आहे का?

थोडक्यात सांगायचं तर, नाही. मशीनची ताकद झाडाच्या बुंध्यावर ठरते, आणि शहरात मोठं झाड उतरवताना मोठ्या मशीनचं काम शेवटच्या टप्प्यात येतं. त्याआधी चेनची धार, अंगावरचं संरक्षण, चालवणारा माणूस आणि पालिकेची परवानगी हे सगळं येतं. आता हे नीट समजून घेऊया.

ताकद म्हणजे नेमकं काय? सीसी, किलोवॅट आणि बार

चेन सॉच्या जाहिरातीत तीन आकडे असतात.

पहिला सीसी. हा इंजिनाचा आकार. बाइकला १०० सीसी, १५० सीसी म्हणतो तसाच. घरगुती पेट्रोल चेन सॉ ३० ते ४५ सीसीच्या असतात, व्यावसायिक मशीन ५० च्या पुढे जातात आणि अजस्र झाडांसाठीच्या ९० सीसीच्या वर असतात.

दुसरा किलोवॅट. ही इंजिनाची खरी ताकद. १ किलोवॅट म्हणजे साधारण १.३६ हॉर्सपॉवर. मशीन निवडताना या आकड्याकडे आधी बघायचं.

तिसरा बार. म्हणजे ज्या लांब पोलादी पट्टीभोवती चेन फिरते ती. किती जाड लाकूड एका फटक्यात कापता येईल हे बार ठरवतो. पण लांब बारावर जास्त दात एकाच वेळी लाकडात घुसतात, त्यामुळे तो ओढायला तितकं दणकट इंजिन लागतं. छोट्या इंजिनाला लांब बार लावणं म्हणजे रिक्षाला ट्रकचं ओझं लादण्यासारखं आहे. मशीन धापा टाकते, चेन अडकते, आणि चालवणारा वैतागून जोर लावतो. अपघात तिथेच होतो.

काही ओळखीची मशीन घेऊन हिशेब बघा. जर्मन कंपनी श्टीलचं एमएस २५० हे मॉडेल ४५.४ सीसीचं, त्याची ताकद २.३ किलोवॅट. एमएस ३८२ हे ७२.२ सीसीचं, ताकद ३.९ किलोवॅट. एमएस ६६१ हे ९१.१ सीसीचं, ताकद ५.४ किलोवॅट. आणि याच कंपनीचं एमएस ८८१ हे १२१.६ सीसीचं, ताकद ६.४ किलोवॅट, म्हणजे जवळपास पावणेनऊ हॉर्सपॉवर. ११० सीसीच्या साध्या स्कूटरचं इंजिन आठ हॉर्सपॉवरच्या आसपास असतं. म्हणजे स्कूटरचं इंजिन दोन हातांत धरून लाकूड कापायचं! आणि त्याचं वजन बार, चेन आणि इंधन सोडून जवळपास १० किलो.

आता लक्षात येईल की "सर्वात पॉवरफुल" म्हणजे नेमकं काय मागतोय आपण.

आधी झाड मोजा, मग मशीन बघा

दुकानात जाण्याआधी एक टेप घ्या. जमिनीपासून छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. आला व्यास.

घेर ३ फूट असेल तर व्यास साधारण साडेअकरा इंच. ६ फूट असेल तर २३ इंच. ९ फुटांच्या घेराला ३४ इंच. लोक घेर बघून घाबरतात आणि गरजेपेक्षा दुप्पट मशीन घेतात, कारण घेर आणि व्यास यांची गल्लत होते.

व्यासावरून मशीनचा ढोबळ अंदाज असा:

- व्यास १२ इंचांपर्यंत: ३० ते ४० सीसी, १४ ते १६ इंची बार. फांद्या, शेवगा, सुबाभूळ, छोटा गुलमोहर.
- व्यास १२ ते १८ इंच: ४५ ते ५५ सीसी, १८ इंची बार. सोसायटीतली बहुतेक झाडं इथेच बसतात.
- व्यास १८ ते २४ इंच: ६० ते ७५ सीसी, २० ते २५ इंची बार. जुना गुलमोहर, आंबा, मध्यम रेन ट्री.
- त्याहून मोठा बुंधा: ९० सीसीच्या पुढे, ३० इंच किंवा जास्त बार. जुना रेन ट्री, वड, चिंच.

यात एक सोय आहे. अनुभवी माणूस बुंधा दोन्ही बाजूंनी कापतो. त्यामुळे २० इंची बारने त्याहून बराच जाड बुंधाही कापला जातो. पण हे कौशल्याचं काम आहे. पहिल्यांदा मशीन हातात घेतलेल्याने ते करू नये.

शहरात झाड "पाडत" नाहीत, उतरवतात

यूट्यूबवर आपण जे व्हिडिओ बघतो ते बहुतेक परदेशातल्या जंगलातले. सरळसोट उंच झाड, चहूबाजूंनी मोकळी जागा, बुंध्याला खाच, मागून काप, आणि झाड धाडकन आडवं.

उल्हासनगरच्या कॅम्पमधली गल्ली डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला दुकानांचे पत्रे, दुसऱ्या बाजूला पार्क केलेल्या गाड्या, वर विजेच्या तारा आणि केबलचं जाळं. बदलापुरात दोन इमारतींच्या मधल्या जागेत उभं असलेलं झाड. इथे चाळीस फुटी झाड आडवं करायला चाळीस फूट जागाच नाही. चेन सॉ कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात की झाड पाडताना इतर माणसं झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट, काही ठिकाणी अडीचपट अंतरावर असावीत. म्हणजे शंभर फूट चहूकडे. आपल्याकडे तेवढ्यात तीन सोसायट्या येतात.

म्हणून शहरात झाड वरून खाली तुकड्या-तुकड्याने उतरवतात. आधी बारीक फांद्या, मग जाड फांद्या दोराला बांधून, मग खोडाचे तुकडे, आणि सर्वात शेवटी जमिनीजवळचा बुंधा. वर चढलेल्या माणसाच्या हातात १० किलोची मशीन देऊन चालत नाही. त्याला हलकी मशीन लागते. म्हणजे मोठं झाड असलं तरी बहुतेक वेळ काम छोट्या मशीनचं आणि दोराचं असतं. ताकदवान मशीन शेवटच्या काही कापांपुरती.

दोर आणि हायड्रा क्रेन का लागते, तेही बघा. दोन फूट व्यासाच्या बुंध्याची एक फूट जाडीची चकती म्हणजे सुमारे ३.१४ घनफूट लाकूड. ओलं लाकूड पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं धरलं तरी त्या एका चकतीचं वजन ७५-८० किलो भरतं. ती वरून सुटली तर पत्रा, गाडी, कंपाउंड वॉल काहीच टिकत नाही. मशीनची पॉवर वाढवून हा धोका कमी होत नाही, दोर आणि क्रेननेच होतो.

इंजिनापेक्षा चेन महत्त्वाची: एका अळीची गोष्ट

चेन सॉचं इंजिन आज आहे तसं व्हायच्या आधीची ही गोष्ट. आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेन सॉ बनवली, ती ४८ किलोची होती आणि चालवायला दोन माणसं लागायची. इंजिनं पुढे सुधारत गेली, पण चेनचे दात जुन्या करवतीसारखेच. ते लाकूड खरवडायचे आणि सारखे बोथट व्हायचे.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचा माणूस सरपण फोडत होता. त्याला लाकडात भुंग्याची अळी दिसली. ती लाकडाच्या धाग्यांच्या आडवं-उभं, कशीही सहज वाट काढत होती. त्याने नीट बघितलं तर तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, आणि ती डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कापत होती. त्याने तसेच दात पोलादात बनवले. १९४७ मध्ये ती चेन बाजारात आली आणि आजही जगभरच्या चेन सॉ थोड्याफार फरकाने त्याच दातांवर चालतात.

तात्पर्य साधं आहे. धार असलेली चेन लावलेलं ५० सीसीचं मशीन बोथट चेनच्या ७० सीसीच्या मशीनपेक्षा चांगलं कापतं. कापताना खालून लाकडाचे जाड कपचे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला तर थांबा आणि चेनला कानस लावा.

कानस कुठली? चेनच्या पिचवर अवलंबून. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, ३/८ इंचला साधारण ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर, आणि छोट्या मशीनच्या बारीक ३/८ चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस. चेन घेताना पिच, गेज आणि दातांची संख्या तिन्ही बारशी जुळली पाहिजे. "चालेल हो, सगळ्यांना बसते" असं दुकानदार म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आपल्या शहरांतल्या झाडांची आणखी एक खासियत. त्यांच्या अंगात खिळे असतात! क्लासच्या जाहिराती, "रूम भाड्याने देणे आहे" चे बोर्ड, लायटिंगच्या तारा, जुन्या ट्री गार्डच्या सळ्या. वर्षानुवर्षं झाड वाढतं आणि हे लोखंड आत गिळून टाकतं. बाहेरून काही दिसत नाही. तिथे चेन लागली की दात तुटतो. म्हणून शहरातल्या मळकट, मातीने भरलेल्या लाकडाला पूर्ण टोकदार दातांच्या चेनपेक्षा थोड्या गोलसर कोपऱ्याच्या दातांची, म्हणजे सेमी चिझल चेन बरी. ती किंचित हळू कापते, पण टिकते.

"मेड इन यूएसए" आणि स्टिकरवरची ताकद

उल्हासनगरच्या बाजाराबद्दलची जुनी गंमत सगळ्यांना माहीत आहे. वस्तूवर "मेड इन यूएसए" लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीनंतर रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या उद्योगाचं कौतुकही त्या विनोदात आहे. पण लेबल वाचून खात्री करायची हा धडा चेन सॉला आज जास्त लागू पडतो, आणि तो उल्हासनगरच्या बाजारापेक्षा ऑनलाइन बाजाराला.

स्वस्त मशीनवर ५८ सीसी, ६२ सीसी असे आकडे ठसठशीत छापलेले असतात. किलोवॅट मात्र कुठेतरी कोपऱ्यात किंवा नसतोच. वरचा हिशेब आठवा. चांगल्या व्यावसायिक मशीनमध्ये साधारण १७ ते २० सीसीला १ किलोवॅट ताकद मिळते. म्हणजे ५८ सीसीच्या मशीनकडून ३ किलोवॅटच्या आसपास अपेक्षा ठेवायला हरकत नाही. कागदावर दोन-सव्वादोन किलोवॅट दिसत असेल, तर तुम्ही ४५ सीसीच्या चांगल्या मशीनइतकीच ताकद घेताय, फक्त आकडा मोठा आहे.

घेण्याआधी हे विचारा:

- किलोवॅटचा आकडा पुस्तिकेत छापलेला आहे का?
- चेन ब्रेक आहे का, आणि दुकानात तो लावून दाखवतात का?
- कंपनची झळ हाताला कमी बसावी म्हणून हँडलला स्प्रिंग किंवा रबर आहे का?
- चेन, बार, फिल्टर, स्टार्टरची दोरी हे सुटे भाग ठाणे जिल्ह्यात मिळतात का?
- दुरुस्ती करणारा मेकॅनिक कुठे बसतो?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मोठी व्यावसायिक मशीन लाखाच्या घरात जातात. जून महिन्यात ती बंद पडली आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागले, तर त्या लाखाचा उपयोग शून्य.

आणि एक वस्तू अजिबात घेऊ नका. चार इंची अँगल ग्राइंडरला लावायची चेन अटॅचमेंट. रील्समध्ये ती फार भारी दिसते. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे फिरतो, त्यावर चेन ब्रेक नाही, हात सुटला तरी तो लगेच थांबत नाही. ती चेन सॉ नव्हे.

पेट्रोल, ऑइल आणि ई-२०

पेट्रोल चेन सॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक ऑइलला १:५० हे प्रमाण चालतं. १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, ५ लिटरला १०० मिलिलिटर. ऑइल न घालता मशीन चालवली तर काही मिनिटांत पिस्टन जाम होऊ शकतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे ओलावाच ओलावा. काही कंपन्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात, काहींना जास्त चालतं. मॉडेलनुसार डीलरला विचारा. तोपर्यंत मिश्रण थोडंच बनवा, महिनाभरात संपवा, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा. "गेल्या वर्षी चालत होती, यंदा स्टार्टच होत नाही" याचं कारण बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये साठलेलं जुनं पेट्रोल असतं.

चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. तीत गाडीचं जळकं ऑइल ओतू नका. ते बारवर टिकत नाही आणि चालवणाऱ्याच्या अंगावर, जमिनीवर उडतं.

बारचं टोक आणि एक क्षण

चेन सॉची चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागला, तर चेन अडकते आणि सगळी मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. याला किकबॅक म्हणतात. माणसाची प्रतिक्रिया होण्याआधी ते घडून गेलेलं असतं. समोरच्या हँडलपुढे जी ढाल दिसते, ती चेन ब्रेकची. हाताचा मागचा भाग त्यावर आदळला, किंवा झटका जोरात बसला, की चेन थांबते. इंजिन जितकं मोठं, तितका हा झटकाही मोठा. म्हणूनच नवख्याच्या हातात ९० सीसीची मशीन देऊ नये.

मशीनच्या किमतीतून पैसे वाचवून हे घ्या: व्हायझर आणि कानांच्या मफसह हेल्मेट, घट्ट पकडीचे हातमोजे, पुढे पोलाद असलेले बूट, आणि चेन सॉसाठीची खास पँट. या पँटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे बाहेर खेचले जाऊन दातांत गुंततात आणि चेन बंद पडते. त्यावर क्लास लिहिलेला असतो. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, क्लास २ म्हणजे २४, क्लास ३ म्हणजे २८ मीटर चेन वेगापर्यंत चाचणी झालेली. आपल्याकडे मात्र लुंगी आणि चप्पल घालून झाडावर चढलेला गडी बघायची सवय झाली आहे. त्याला कामावर घेणारे आपणच असतो.

फिलिपिन्समध्ये २००२ पासून चेन सॉसाठी स्वतंत्र कायदा आहे. तिथे मशीन बाळगायलाही परवाना लागतो. आपल्याकडे मशीन ऑनलाइन घरपोच येते, त्यामुळे शिकण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच पडते.

पडलेलं झाड जास्त फसवं

"पडलंच आहे, आता काय, कापून टाकू" असं वाटतं. पण आडव्या झाडाच्या फांद्या वजनाखाली धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. चुकीच्या बाजूने काप दिला की फांदी उसळते, किंवा बार चिमटीत अडकतो. उपटलेल्या मुळांचा गड्डा बुंधा कापल्यावर पुन्हा सरळ उभा राहतो, आणि त्या खड्ड्यात कुणी उभं असेल तर जीवच जातो.

आणि तारा. झाडाखाली वीजवाहिनी गेली असेल तर तार तुटलेली दिसो वा न दिसो, तिच्यात वीज आहे असंच धरा. महावितरणला १९१२ वर फोन करा, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. कर्जत मार्गाच्या रुळांलगतचं झाड असेल तर रेल्वेला कळवा. लोकलच्या वरची तार २५ हजार व्होल्टची असते, ओल्या फांदीचा स्पर्शही पुरतो. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

परवानगी: मशीन तुमची, झाड तुमचं, तरीही

तिन्ही शहरांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. उल्हासनगरात महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरमध्ये नगरपरिषद. झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं, तुम्हीच लावलेलं असलं, तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. कायद्यात "झाड तोडणे" याचा अर्थ फक्त बुंधा कापणं नाही. जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणंही त्यात येतं. म्हणजे बुंध्यात आम्ल ओतणं, साल सोलणं हेही.

अर्ज केल्यावर झाडावर नोटीस लावली जाते, हरकती मागवल्या जातात, पाहणी होते. झाड मेलेलं, किडलेलं, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोकादायक असेल तर ते परवानगीसाठी सबळ कारण असतं. म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, मे अखेरीस नको.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन आणलं. उल्हासनगरची पायाभरणी ८ ऑगस्ट १९४९ ची. त्या पहिल्या वर्षांत निर्वासितांनी दारात लावलेलं पिंपळाचं किंवा कडुनिंबाचं झाड आज सत्तरी ओलांडून गेलंय. ज्याला आपण "ते जुनं अडचणीचं झाड" म्हणतो, तो कायद्याने वारसा असू शकतो.

पालिका हद्दीबाहेर, बारवी धरणाच्या बाजूच्या गावांमध्ये खासगी जमिनीवरच्या झाडांना महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, ऐन यांच्याबरोबर जांभूळही आहे. बदलापूरच्या जांभळाचं नाव सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

"रात्रीत कापून टाकू, कोण विचारतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मथुरा-वृंदावन परिसरात विनापरवाना ४५४ झाडं तोडल्याच्या प्रकरणात मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रति झाड १ लाख रुपये दंड मान्य केला, आणि मोठ्या संख्येने झाडं मारणं हे माणूस मारण्याहून वाईट असल्याचं म्हटलं.

मग घ्यायची की नाही?

सोसायटी असाल तर बहुधा नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी मशीन, पँट, हेल्मेट, मेकॅनिक आणि शिकलेला माणूस पाळणं परवडत नाही. फांद्यांच्या किरकोळ छाटणीसाठी, तीही परवानगीने, लांब दांड्याची करवत किंवा छोटी बॅटरी चेन सॉ पुरते. वायरवाली इलेक्ट्रिक मशीन पावसात बाहेर काढू नका.

फार्महाऊस, वाडी किंवा नर्सरी असेल आणि नियमित काम असेल, तर ४५ ते ५५ सीसीची, १८ इंची बारची, जवळ सर्व्हिस मिळणारी मशीन घ्या. दोन जादा चेन आणि संरक्षक पँट त्याच बिलात घ्या. झाडतोडणीचा व्यवसायच असेल तर एक हलकी मशीन, एक ७० सीसीच्या आसपासची, आणि ९० सीसीची भाड्याने, असा संच जास्त उपयोगी.

कंत्राटदाराला मात्र "किती घेणार?" याआधी चार प्रश्न विचारा. परवानगीची प्रत पाहिली का? वर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट आणि दोर आहे का? माणसांचा विमा आहे का? तुकडे खाली कसे उतरवणार? चारही उत्तरं नीट आली तर तो पाचशे-हजार रुपये जास्त घेत असला तरी घेऊ द्या.

आणि मशीन मागवण्याआधी एकदा पालिकेच्या उद्यान विभागाला झाड दाखवा. बऱ्याचदा झाड धोकादायक नसतं, त्याच्या बुंध्याभोवती ओतलेलं काँक्रीट धोकादायक असतं. ते फोडून मुळांना जागा दिली आणि एका बाजूला झुकलेला भार छाटून हलका केला, तर तेच झाड आणखी कित्येक पावसाळे उभं राहतं. अशा वेळी चेन सॉऐवजी पहार पुरते.

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सात हजारांची ५८ सीसी फिरत असेल, तर त्याखाली हा लेख नक्की शेअर करा.